गादीशेजारची बैठक

३ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरी अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना झाला. या सामन्यास ‘सुपर बोल’ असे म्हणतात आणि तो दिवस त्या देशात एखाद्या सणासारखा साजरा होतो. एका बाजूस लॉस एंजेलिस रॅम्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकव्हे उभे होते. त्यांचे वय अवघे ३३ वर्षे. सुपर बोलपर्यंत संघ आणणारा इतका तरुण मुख्य प्रशिक्षक त्यापूर्वी कोणी नव्हता. दुसऱ्या बाजूस न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या प्रशिक्षकवर्गात डान्टे स्कार्नेकिया नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवसास बारा दिवस उरले होते. प्रशिक्षणाच्या व्यवसायात त्यांची जवळजवळ पन्नास वर्षे गेली होती आणि त्या दिवशीही त्यांचे पद होते सहायक प्रशिक्षकाचे.

सामना पेट्रियट्सनी १३ विरुद्ध ३ गुणांनी जिंकला. रॅम्सकडे त्या वर्षी संपूर्ण लीगमधील सर्वोत्तम बचावपटू होता, आरोन डोनाल्ड. चेंडू फेकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच जमिनीवर पाडणे, ज्याला त्या खेळात ‘सॅक’ म्हणतात, हा त्याचा हातखंडा. त्या हंगामात त्याच्या नावावर अशा साडेवीस सॅकची नोंद होती. अटलांटात मात्र त्याच्या खात्यावर शून्य राहिले. दुसऱ्या दिवशी जगभर छायाचित्रे झळकली ती पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीची, त्यांचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांची आणि मालक रॉबर्ट क्राफ्ट यांची. डोनाल्डच्या खात्यावरील शून्य ज्यांच्या कामामुळे राहिले, ते स्कार्नेकिया त्या छायाचित्रांत शोधूनच काढावे लागतील.

हा खेळ आपल्याकडील बहुतेकांस अपरिचित आहे. नावात फुटबॉल असले तरी चेंडू मुख्यतः हातांनी खेळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू गमवावा लागतो. या आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकावा याचा निर्णय त्याने दोन-तीन सेकंदांत घ्यावयाचा असतो. तेवढ्या अवधीत समोरचे धिप्पाड बचावपटू त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना थोपवण्यासाठी त्याच्यापुढे पाच जणांची एक भिंत उभी असते. या पाच जणांना ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ म्हणतात. सामान्यतः चेंडू त्यांच्या हाती येत नाही. धावा, गुण, पल्ले यांपैकी काहीच त्यांच्या नावावर चढत नाही. त्यांचे नाव निवेदकाच्या तोंडी येते ते बहुधा भिंत फुटल्यावर. स्कार्नेकिया हे या भिंतीचे प्रशिक्षक.

ज्या कामाचे यश काही न घडण्यात असते, त्या कामाची नोंद ताळेबंदाच्या कोणत्या बाजूस करावी, हा प्रश्न व्यापारातही सोपा नाही. बुडाले नाही ते कर्ज, फुटली नाही ती भागीदारी, तुटले नाही ते जुने गिऱ्हाईक, यांचे आकडे कोणत्याही वहीत सापडत नाहीत.

या व्यवसायातील शिडी कशी आहे ते पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्याही ३२ च. प्रत्येक मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली वीस-पंचवीस सहायक असतात. सर्वांत खालच्या पायरीवरचा तरुण रात्र रात्र जागून सामन्यांच्या चित्रफिती पाहतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या खेळींचे तक्ते बनवतो. त्यावरच्या पायरीवर एकेका जागेचे प्रशिक्षक असतात. कोणी धावपटूंचा, कोणी क्वार्टरबॅकचा, कोणी लाइनचा. त्यांच्यावर आक्रमण आणि बचाव यांचे दोन समन्वयक, आणि सर्वांच्या शिरी मुख्य प्रशिक्षक. बेलिचिक यांनी १९७५ मध्ये बाल्टिमोर येथे आठवड्याला २५ डॉलरवर सुरुवात केली आणि मुख्य प्रशिक्षक होण्यास त्यांना १९९१ साल उजाडले. मॅकव्हे यांनी २००८ मध्ये टॅम्पा बे संघात सहायक म्हणून पाऊल ठेवले आणि २०१७ च्या जानेवारीत, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते थेट माथ्यावर पोहोचले. तरुण सहायकांच्या डोळ्यांपुढे असतात ती अशीच उदाहरणे.

या शिडीचा एक विचित्र नियम आहे. मुख्य प्रशिक्षकास काढले की त्याच्या हाताखालचे बहुतेक सहायकही जातात, त्यांचे स्वतःचे काम कितीही चोख असले तरी. हंगामातील साखळी सामने संपल्यानंतरच्या सोमवारी अशा गच्छन्त्या एकापाठोपाठ जाहीर होतात, म्हणून त्या दिवसाला तेथे ‘काळा सोमवार’ असे नावच पडले आहे. करार एक, दोन किंवा तीन वर्षांचे. त्यामुळे सहायकाचे बिऱ्हाड सतत पाठीवर असते. मुलांच्या शाळा बदलतात, घरे विकली जातात आणि पुढचे गाव कोणते हे पत्नीला बहुधा जानेवारीत कळते. नोकरी टिकवण्याचा एकच भरवशाचा मार्ग मानला जातो, तो म्हणजे वर चढत राहणे. ज्याच्या मागे वरचे पद लागले नाही, त्याच्याविषयी लोक हळू आवाजात विचारू लागतात, की यांचे कोठे अडले?

स्कार्नेकिया यांचा जन्म १५ फेब्रुवारी १९४८ चा, लॉस एंजेलिस येथील. कॅलिफोर्निया वेस्टर्न या लहानशा महाविद्यालयात ते स्वतः लाइनमध्ये खेळले. १९७० मध्ये तेथेच त्यांनी प्रशिक्षकाचे काम धरले. त्या काळात मरीन कोअरच्या राखीव दलातही त्यांनी सेवा बजावली. तेथील शिस्त पुढे आयुष्यभर त्यांच्या आवाजात राहिली, असे त्यांचे खेळाडू सांगत. पुढील बारा हंगाम महाविद्यालयांच्या वाऱ्या करण्यात गेले. आयोवा स्टेट, टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट, पॅसिफिक, नॉर्दर्न ॲरिझोना आणि पुन्हा सदर्न मेथडिस्ट. अखेर तेथील मुख्य प्रशिक्षक रॉन मेयर यांना १९८२ मध्ये पेट्रियट्सनी बोलावून घेतले, आणि त्यांच्यासोबत स्कार्नेकियाही बॉस्टनजवळच्या फॉक्सबरो गावी आले.

तेव्हाची ही पेढी आजच्यासारखी नामांकित नव्हती. १९८६ च्या जानेवारीत संघ एकदा सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि शिकागोकडून ४६ विरुद्ध १० असा चिरडला गेला. मूळ मालक सलिव्हन कुटुंब कर्जात सापडले. १९८८ मध्ये संघ व्हिक्टर कायम या उद्योगपतींकडे गेला, १९९२ मध्ये जेम्स ऑर्थवाइन यांच्याकडे. ऑर्थवाइन यांच्या मनात तो सेंट लुईसला हलवायचे होते. १९९४ मध्ये रॉबर्ट क्राफ्ट यांनी १७ कोटी २० लाख डॉलर मोजून तो घेतला. क्राफ्ट हे मूळचे कागद आणि वेष्टनाच्या धंद्यातील व्यापारी. त्यांनी मैदान आधीच, दिवाळखोरीच्या व्यवहारात, ताब्यात घेतले होते. संघाचा भाडेकरार त्या मैदानाशी बांधलेला होता आणि तो सोडून देण्यासाठी देऊ केलेले साडेसात कोटी डॉलर त्यांनी नाकारले. दुकानाची जागा हाती असली की दुकानही कालांतराने हाती येते, हा हिशेब व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही.

मालक चार झाले, पण या कथेत त्याहून नवलाचे म्हणजे मुख्य प्रशिक्षकांची मालिका. मेयर गेले, रेमंड बेरी आले. १९८९ मध्ये स्कार्नेकिया मेयर यांच्यामागोमाग इंडियानापोलिस कोल्ट्समध्ये दोन हंगाम जाऊन आले, तेवढाच काय तो वियोग. १९९१ मध्ये परतले तेव्हा फॉक्सबरोत डिक मॅकफर्सन होते. त्यांच्यानंतर बिल पार्सेल्स, पीट कॅरोल आणि २००० पासून बेलिचिक. प्रत्येक नवा मुख्य प्रशिक्षक येताना आपली माणसे घेऊन येतो आणि जुनी झाडून काढतो. तरीही प्रत्येकाने या एका माणसाला ठेवून घेतले. कधी विशेष पथकांचे काम दिले, कधी टाइट एंड या जागेचे, कधी बचावाच्या बाजूस मदतीला लावले. बहुतेक सहायक आपला एकच प्रांत धरून बसतात; यांनी मिळेल ते टेबल सांभाळले. अशी माणसे कार्यालयात दुर्मिळ असतात. वरिष्ठांना ती हवीहवीशी वाटतात आणि म्हणूनच पुष्कळदा बढतीच्या वेळी विसरली जातात. दुसरीकडे पाठवले तर हे काम करणार कोण, हा वरिष्ठांचा सोयीचा प्रश्न.

गादीवर बसण्याचा प्रसंग त्यांच्यावरही एकदा आला. १९९२ च्या हंगामात मॅकफर्सन आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले आणि काही सामन्यांपुरती संघाची सूत्रे स्कार्नेकिया यांच्याकडे आली. वर्ष अत्यंत वाईट होते. सोळा सामन्यांपैकी पेट्रियट्सनी अवघे दोन जिंकले. बुडत्या पेढीचा कारभार तात्पुरता हाती येणे यास संधी म्हणावे की शिक्षा, हे ठरवणे कठीण आहे. हंगाम संपला, पार्सेल्स आले आणि स्कार्नेकिया पुन्हा सहायकाच्या बैठकीवर गेले. त्यानंतरच्या पंचवीसहून अधिक वर्षांत ते कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत.

१९९९ मध्ये लाइनचे काम पूर्णतः त्यांच्याकडे आले आणि २००० पासून मुख्य प्रशिक्षकांचे प्रथम सहायक असा हुद्दाही मिळाला. येथून पुढे त्यांच्या कामाचा कस खऱ्या अर्थाने दिसू लागतो.

लाइनमधील खेळाडू हुशार असावा, कणखर असावा आणि अंगी पुरेशी चपळता असावी, एवढेच ते मागत. ‘पुरेशी’ हा शब्द महत्त्वाचा. ज्यांच्याकडे असामान्य देहसंपदा असते त्यांचा बाजारभाव चढा असतो. ‘पुरेसे’ ज्यांच्याकडे असते ते स्वस्तात मिळतात. उरलेले काम शिक्षकाचे. पाय कोठे टेकवावा, हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर कोठे पडावेत, कंबर किती खाली असावी, शेजाऱ्याच्या हालचालीशी आपली पावले कशी जुळवावीत, या चार गोष्टी ते वर्षानुवर्षे, रोज, नवख्या आणि अनुभवी खेळाडूंकडून सारख्याच घोटून घेत. फॉक्सबरोच्या सराव मैदानालगत एक चढण आहे. सराव संपल्यावर दीडशे किलो वजनाची ही माणसे त्या चढणीवर धावत. कोणासही सवलत नसे.

स्टीफन नील याची गोष्ट याच कार्यशाळेतील. नील हा मल्ल होता. अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीतील दोन विजेतेपदे त्याच्याकडे होती. त्यांपैकी १९९९ च्या अंतिम कुस्तीत त्याने ब्रॉक लेस्नर यास हरवले होते. दूरचित्रवाणीवरील कुस्त्या पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव सांगावे लागणार नाही. त्याच वर्षी नील फ्रीस्टाइलचा विश्वविजेताही झाला. पण ऑलिंपिकची संधी हुकली, आणि महाविद्यालयात फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला हा मल्ल २००१ मध्ये पेट्रियट्सच्या दारात उभा राहिला. एकदा त्याला काढलेही, पुन्हा बोलावले. खेळाचे नियम, खेळींची नावे, जागा, सारेच त्याला प्रथमपासून शिकवावे लागले. पुढे हाच नील अनेक वर्षे या भिंतीतील कायमचा गार्ड झाला. कुस्तीतील पकड आणि पायांचा तोल ही त्याची पुंजी होती. ती कोठे गुंतवावी हे त्याला दाखवून देणारा मिळाला.

अटलांटाच्या त्या सामन्यातील पाच जणांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. लीगमध्ये दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची सात फेऱ्यांत निवड होते. पहिल्या फेरीत जातो तो सर्वांत मोलाचा समजावा. या पाचांपैकी एकही पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतला नव्हता. जो थूनी तिसऱ्या फेरीतला, शॅक मेसन चौथ्या, मार्कस कॅनन पाचव्या, ट्रेंट ब्राऊन शेवटच्या सातव्या फेरीतला. आणि मध्यभागी उभा राहणारा डेव्हिड अँड्र्यूज तर सातही फेऱ्यांत कोणी न उचललेला. त्या वर्षीच्या बाद फेरीतील तीन सामन्यांत या भिंतीआडच्या ब्रेडीस एकूण एकदाच पाडण्यात आले. चार्जर्सविरुद्ध शून्य. कॅन्सस सिटीविरुद्ध शून्य, आणि कॅन्सस सिटीच्या संघाने त्या हंगामात ५२ सॅक केले होते. रॅम्सविरुद्ध एक.

ब्राऊनचा व्यवहार तर कोणत्याही व्यापाऱ्याने वहीत टिपून ठेवावा असा. २०१८ च्या आरंभी पेट्रियट्सचा जुना लेफ्ट टॅकल नेट सोल्डर यास न्यूयॉर्क जायंट्सनी चार वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलर देऊन नेले. लाइनमधील खेळाडूस तोवर कोणी एवढी रक्कम दिली नव्हती. लेफ्ट टॅकल म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीचा रखवालदार. ती जागा रिकामी झाली. पेट्रियट्सनी सॅन फ्रान्सिस्कोकडून ब्राऊनला घेतले. त्याच्यासोबत एक खालच्या क्रमांकाची निवडही पदरात पाडून घेतली आणि मोबदल्यात तिसऱ्या फेरीची एक निवड दिली. ब्राऊन ६ फूट ८ इंच उंच, वजन सुमारे १७० किलो, आणि तोवर उजव्या बाजूस खेळणारा. त्या जागेसाठी आणलेला पहिल्या फेरीतील नवा खेळाडू हंगामापूर्वीच पायाच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाद झाला. जागा ब्राऊनकडेच राहिली, आणि वर्षअखेरीस त्याच्या हाती अजिंक्यपद होते. २०१९ च्या वसंतात ऑकलंड रेडर्सनी त्याला चार वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. म्हणजे सोल्डरचाही उच्चांक मोडला. ब्राऊन गेल्याची भरपाई म्हणून लीगच्या नियमानुसार पेट्रियट्सना पुढील वर्षी तिसऱ्या फेरीची एक निवड परत मिळाली. दिले तेवढे वसूल झाले आणि मध्ये एक अजिंक्यपद पडले. एकाच भिंतीतील एकाच जागेवर उभ्या राहिलेल्या दोन माणसांची किंमत बारा महिन्यांत दोनदा देशात सर्वाधिक ठरली. ती किंमत वाढवणारा कारागीर मात्र त्याच जुन्या बैठकीवर होता.

येथे केवळ जमेची बाजू सांगून थांबणे योग्य नव्हे. २००७ च्या हंगामात पेट्रियट्सनी सोळाही साखळी सामने जिंकले, तेव्हाचा ५८९ गुणांचा विक्रम केला आणि १८ विजय पाठीशी घेऊन ते २००८ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये उतरले. संपूर्ण साखळीत ब्रेडीस २१ वेळा पाडण्यात आले होते. जायंट्सनी त्या एका सायंकाळी त्याला पाच वेळा पाडले आणि सामना १७ विरुद्ध १४ असा गेला. इतिहासात अपराजित म्हणून नोंदला जाऊ शकणारा हंगाम ज्या ठिकाणी फुटला, ते ठिकाण स्कार्नेकिया यांचेच होते. २०१८ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाविरुद्ध भिंत जवळजवळ संपूर्ण सामना अभेद्य राहिली; शेवटच्या अडीच मिनिटांत एकदाच ती फुटली, ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला, आणि ४१ विरुद्ध ३३ अशा त्या पराभवात तोच क्षण निर्णायक ठरला. या कामात शंभरातील नव्व्याण्णव नोंदी बरोबर असून चालत नाही.

२०१३ चा हंगाम आटोपल्यावर त्यांनी निवृत्ती घेतली. वय ६५. पुढच्याच वर्षी पेट्रियट्सनी त्यांच्यावाचून सुपर बोल जिंकला. हे सांगणे आवश्यक आहे, कारण जुना माणूस गेला म्हणजे पेढीचे शटर खाली येते ही समजूत मालकापेक्षा जुन्या माणसालाच अधिक घातक असते. शटर खाली आले नाही. पण दुसऱ्या वर्षी भिंतीला भेगा दिसू लागल्या. २०१५ च्या साखळीत ब्रेडीस ३८ वेळा पाडण्यात आले आणि २०१६ च्या जानेवारीत डेन्व्हर येथील उपांत्य सामन्यात त्याची जी अवस्था झाली ती पाहवत नव्हती. डेन्व्हरच्या वॉन मिलरने एकट्याने अडीच सॅक नोंदवले. त्याच्यासमोर वारंवार मार्कस कॅनन उघडा पडत होता. हा तोच पाचव्या फेरीतला कॅनन, ज्याला निवडीच्या तोंडावर लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले होते आणि जो उपचार घेऊन मैदानात आला होता. पेट्रियट्स २० विरुद्ध १८ असे हरले आणि बॉस्टनच्या चाहत्यांनी कॅननला दोष देण्यात कसर ठेवली नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बेलिचिक यांनी स्कार्नेकिया यांना परत बोलावले. ते ६८ वर्षांचे झाले होते. आले, आणि हातात होती तीच माणसे घेऊन कामास लागले. त्या हंगामात संघाचे क्वार्टरबॅक मिळून २४ वेळा पाडले गेले, आणि वर्षअखेरीस लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात उजव्या टॅकलच्या जागी नाव आले ते मार्कस कॅननचे. माणूस तोच होता, वयाने एक वर्ष वाढलेला. जो दोष एका वर्षी खेळाडूच्या अंगी आहे असे साऱ्यांना वाटत होते, तो पुढच्या वर्षी कोठे गेला? नोकरास नालायक ठरवण्यापूर्वी त्याला शिकवण्याचे काम कोणाकडे होते, हेही एकदा तपासावे असे या उदाहरणावरून वाटते.

त्याच हंगामाचा सुपर बोल ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टन येथे झाला. अटलांटा फाल्कन्स २८ विरुद्ध ३ असे पुढे होते. लाइनचा खेळ काही नमुनेदार नव्हता. ब्रेडीस त्या दिवशी पाच वेळा पाडण्यात आले. तरी सामना जसा लांबला तसे फाल्कन्सचे बचावपटू थकत गेले आणि समोरची भिंत उभीच राहिली. पेट्रियट्सच्या आक्रमणाने त्या दिवशी ९३ खेळी केल्या. चढणीवर धावून घेतलेल्या कष्टांची जमा अशा वेळी होते. अतिरिक्त वेळेत सामना ३४ विरुद्ध २८ असा पेट्रियट्सचा झाला.

अमेरिकन फुटबॉलचे कीर्तिमंदिर ओहायो राज्यातील कँटन या गावी आहे. तेथे प्रशिक्षक म्हणून ज्यांचे अर्धपुतळे बसवले आहेत, त्यांचा मान मुख्य प्रशिक्षकपदाच्या कारकिर्दीवर आहे. लाइनच्या प्रशिक्षकाला त्या दालनात जागा मिळणे दुरापास्त. पेट्रियट्सनी मात्र २०२३ मध्ये आपल्या स्वतःच्या संघाच्या कीर्तिमंदिरात स्कार्नेकिया यांना स्थान दिले. सुपर बोल विजयाच्या पाच अंगठ्या, पेट्रियट्समध्ये ३४ हंगाम, लीगमध्ये एकूण ३६. संघ तोवर अकरा वेळा सुपर बोलमध्ये उतरला होता. त्यांपैकी दहा वेळा ते मैदानाच्या कडेला उभे होते.

आपल्या जुन्या पेढ्यांतून असा एक मुनीम असे. शेठजींच्या तीन पिढ्या त्याच्या डोळ्यांदेखत गादीवर बसत. लहान शेठला पहिली खतावणी त्यानेच शिकवलेली असे आणि मोठेपणी तो त्यालाच ‘अहो मुनीमजी’ म्हणून हाक मारी. त्याने स्वतःचे दुकान का काढले नाही, असे लोक विचारत. काहींना भांडवल नव्हते, काहींना धाडस नव्हते. पण काही असेही होते की ज्यांना मालकी आणि काम यांतून काम अधिक आवडत होते. मुख्य प्रशिक्षकास वृत्तपत्रांशी बोलावे लागते, मालकाची मर्जी सांभाळावी लागते, पन्नास-साठ खेळाडूंच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. लाइनच्या प्रशिक्षकास रोज सकाळी मोजक्या खेळाडूंपुढे उभे राहून पावले कशी टाकावीत ते शिकवता येते. मॅकव्हे यांनी निवडलेला मार्ग चुकीचा आहे असे यातून मुळीच निघत नाही. तिसाव्या वर्षी गादी पेलणे हाही एक गुणच आहे. पण घरातील एखादा मुलगा हिशेबात किंवा मालाच्या पारखीत रमतो आणि गल्ल्यावर बसून दहा जणांशी बोलायला कचरतो, तेव्हा त्याला पुढे ढकलण्याची आपल्याला फार घाई होते. त्याचे लग्न ठरवताना तर अधिकच.

४ जानेवारी २०२० रोजी फॉक्सबरोत टेनेसीविरुद्ध पेट्रियट्स २० विरुद्ध १३ असे हरले. त्याच महिन्यात स्कार्नेकिया यांनी दुसऱ्यांदा, आणि या वेळी कायमची, निवृत्ती घेतली. मार्चमध्ये ब्रेडीही संघ सोडून टॅम्पा बे येथे गेला आणि साऱ्या देशात चर्चा झाली ती त्याची. फॉक्सबरोत मात्र लाइनच्या प्रशिक्षकाची जागा भरायची होती. पुढच्या हंगामासाठी बेलिचिक यांनी त्या एका जागेवर दोन माणसे नेमली.